मामाची झोप आणि ‘लागणे’ हे क्रियापद

माझ्या मामाने रायपूरच्या गोल बाजारात, एका भांड्यांच्या दुकानात, पस्तीस वर्षं हिशेब लिहिले. घर तात्यापाऱ्यात, दुकान गोल बाजारात, आणि मधलं अंतर सायकलचं. बाहेरच्या वाचकासाठी सांगायचं तर छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि तेव्हापासूनची आणि त्यानंतर नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी घरं रायपुरात अजून आहेत. आमची मराठी पुण्याला हिंदीसारखी वाटते आणि रायपूरला मराठीसारखी.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मामाला दुकानातल्या मालातलीच एक झाकणाची छोटी स्टीलची डबी हवी होती. त्याने एकेक डबी कानाशी धरून हलवून पाहिली. शेवटी एक घेतली आणि आत कापूस भरला. सरकारी केंद्रातून मिळणारी एआरटीच्या गोळ्यांची प्लास्टिकची बाटली वाजते, हे ती घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. घरात कोणी विचारलं तर मामा म्हणायचा, ‘शुगरची गोळी आहे.’ हे सगळं त्याला वाचून दाखवून लिहिते आहे. ‘नाव नको टाकू’ एवढंच तो म्हणाला. मला पाच मामा आहेत, तेव्हा शोधत बसू नये.

मी भाषांतरकार आहे. कादंबऱ्यांवर पोट भरत नाही म्हणून माहितीपत्रकं, संमतिपत्रं, प्रश्नावल्याही करते. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने मला नैराश्य तपासायची एक प्रश्नावली मराठीत करायला दिली. पीएचक्यू-९ हे तिचं नाव, २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली. प्रश्न नऊ, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. सगळे प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. तिचे मराठी अवतार आधीपासून आहेत. या संस्थेला एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि शिवाय मधुमेह, रक्तदाब असं काहीतरी असलेल्या लोकांसाठी ‘सोपी मराठी’ हवी होती. काम एका दुपारचं होतं. मला तीन आठवडे लागले, आणि हा लेख त्या तीन आठवड्यांतून निघाला. आपल्याकडे समीक्षा कादंबरीची होते, कवितेची होते, नाटकाची होते. पण दवाखान्याच्या बाकावर बसून लाखो लोक जो मजकूर ‘वाचतात’, म्हणजे कोणीतरी त्यांना वाचून दाखवतं, त्याचं वाचन कोणी करत नाही.

पहिला प्रश्न असा की कोणत्याही गोष्टीत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का. मी लिहिलं: कशातच मन लागत नाही. तिसरा झोपेचा: झोप लागत नाही. पाचवा भुकेचा: भूक लागत नाही. सातवा वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष राहतं का, याचा: लक्ष लागत नाही. नऊपैकी चार प्रश्न एकाच क्रियापदावर आले. ठरवून केलं नव्हतं. मी थांबले, कारण याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, रुग्णाच्या माहितीत, आणखी एक नोंद होती: एचआयव्हीची लागण कधी झाल्याचं कळलं.

‘लागणे’ हे मराठीतलं फार मोठं घर आहे. रोग लागतो, नजर लागते, नाद लागतो, वेड लागतं, जीव लागतो, डोळा लागतो, ठेच लागते, घोर लागतो, पत्ता लागत नाही. बाहेरची वस्तू माणसाला येऊन चिकटते तेही लागणं, आणि माणूस जगाला चिकटून राहतो तेही लागणंच. संसर्ग आणि आसक्ती एका धातूत आहेत. हिंदीतही ‘लगना’ असंच, आणि बाजारात भाजी घेऊन आलेली बाई छत्तीसगढीत ‘मन नइ लागय’ म्हणते तेव्हाही तेच. इंग्रजीत या दोन टोकांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि म्हणून इंग्रजी प्रश्नावलीला हा गुंता दिसूच शकत नाही. आमच्या तिन्ही भाषांत माणसाला एक गोष्ट लागते आणि त्यानंतर बाकीच्या लागेनाशा होतात. मामाचं सोळा वर्षांचं आयुष्य या एका वाक्यात बसतं.

शिवाय व्याकरण बघा. ‘मला झोप लागत नाही.’ इथे कर्ता झोप आहे, माणूस चतुर्थीत बाजूला उभा आहे, त्याच्यावर काही घडतं आहे किंवा घडत नाही. मराठीत आजारी माणूस बहुतेक वेळा ‘मला’ असतो, ‘मी’ नसतो. मला ताप आला, मला बरं वाटत नाही, मला कंटाळा आला. दोष कुठे ठेवायचा याची एक जुनी सभ्यता या विभक्तीत आहे असं मला वाटतं. प्रश्नावलीच्या सहाव्या प्रश्नात ही सभ्यता मोडते. तो विचारतो, तुम्हाला स्वतःविषयी वाईट वाटतं का, आपण अपयशी आहोत, घरच्यांना खाली बघायला लावलं, असं वाटतं का. आता ‘स्वतःबद्दल वाईट वाटतं’ हे मराठीत स्वतःची कीव येणं आहे. विचारायचं आहे ते ‘मी वाईट आहे असं वाटतं’ हे, म्हणजे पूर्ण वेगळं वाक्य. छापील मराठी प्रश्नावल्यांत ही गल्लत मी पाहिली आहे. कीव येणाऱ्याला त्यात गुण मिळतात आणि स्वतःचा तिरस्कार करणारा शून्यावर सुटतो. आणि एचआयव्ही असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारताना आणखी एक अडचण येते. ‘घरच्यांना खाली बघायला लावलं’ ही त्याची आजारी कल्पना आहे की त्याच्या चुलतभावाने लग्नात सर्वांसमोर उच्चारलेलं वाक्य, हे कागद कसं ठरवणार?

सुसान सोंटॅगने १९७८ साली आजार आणि रूपक यांवर आणि १९८९ साली एड्सच्या रूपकांवर लिहिलं. आजाराकडे रूपकं सोलून काढून बघा, तो फक्त आजार आहे, असा तिचा आग्रह. एम.ए.ला असताना आम्ही तो जवळजवळ पाठ केला होता. आज मला तो अर्धाच पटतो. युद्ध, आक्रमण, शिक्षा ही रूपकं सोलता येतात. क्रियापद सोलता येत नाही. आमच्या सरकारी मराठीत ‘एचआयव्ही बाधित’ हा शब्द अनेक वर्षं चालला आणि अजून चालतो. ‘बाधा’ आम्हाला दोन ठिकाणी माहीत: विषबाधा आणि भूतबाधा. मनाचा आजार झालेल्या माणसालाही खेड्यात ‘बाहेरची बाधा’च होते. म्हणजे एका खात्याने एका आजारासाठी जो सौम्य शब्द शोधला, त्याच शब्दात दुसऱ्या आजाराचं सगळ्यात जुनं लांच्छन आधीच राहत होतं. ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ ही नवी रचना स्वच्छ आहे, पण ती बोलता येत नाही. गोल बाजारात कोणी ‘सह’ म्हणत नाही. तिथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात, तेही दबक्या आवाजात.

गंमत अशी की जुन्या मराठीकडे या दोन दुखण्यांना एकत्र धरणारा शब्द होता. आधिव्याधी. आधी म्हणजे मनाची पीडा, व्याधी म्हणजे शरीराची. आजही आपण ‘आधिव्याधी’ म्हणतो, पण त्यातली पहिली आधी कोणाला ऐकू येत नाही. जोडशब्दाचा नाद तेवढा उरला आहे. ‘भाजीबिजी’मधल्या बिजीसारखी तिची गत झाली.

एवढं मोठं घर असलेल्या भाषेत या माणसांबद्दल काय लिहिलं गेलं? मी शोधायला बसले आणि कथा-कादंबऱ्यांपेक्षा चित्रपटच आधी हाताला आले, त्यातही एकाच जोडीचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी १९९७ साली ‘जिंदगी जिंदाबाद’ हा एड्सवरचा चित्रपट केला, तोही हिंदीत. २००४ साली स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’ आणि २०१६ साली नैराश्यावर ‘कासव’, ज्याला सुवर्णकमळ मिळालं. भारतीय चित्रपटात आजाराकडे इतक्या सातत्याने आणि इतक्या कमी आरडाओरडीने बघणारं दुसरं घर मला माहीत नाही. ‘देवराई’च्या निर्मितीमागे कॅल्गरीच्या विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी होते. पत्नीच्या आजारातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली होती. त्यामुळेच असेल, या चित्रपटाचं लक्ष शेषवर जितकं आहे तितकंच त्याच्या बहिणीवर, सीनावर आहे. जेवणाच्या टेबलावर आजार कसा बसतो, हे मराठी पडद्याने तिथे प्रथम नीट दाखवलं.

तरी माझी तक्रार आहे, आणि आदर ठेवून ती मांडायला हवी. या तीन चित्रपटांत आजार एकमेकांना भेटत नाहीत. एकाच दिग्दर्शक जोडीच्या कामात एड्स एका खोलीत आहे आणि मन दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद. दुसरी तक्रार जरा हलकी आहे: मराठी पडद्यावर आजारी मन कोकणातच का जातं? शेषची देवराई कोकणातली, ‘कासव’मधल्या मानवचा किनारा कोकणातला. निसर्ग तिथे औषध नसला तरी साक्षीदार तरी असतो. तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत साक्षीदार फक्त पंखा असतो. समुद्राला मी नाकारत नाही. ‘कासव’मध्ये जानकी त्या मुलाला काही विचारत नाही, नुसतं जवळ राहू देते, हे फार मोलाचं आहे. पण ती गोष्ट एका हंगामाची आहे. पिल्लं अंड्यांतून निघून पाण्यात जाईपर्यंतची.

एचआयव्हीच्या गोष्टीचा साचा तर त्याहून आधी ठरून गेला. गोव्यात १९८९च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानानंतर पॉझिटिव्ह ठरवून सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटं ठेवलं गेलं. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली, पण अशा विलगीकरणाचं कलम न्यायालयाने तेव्हा उचलून धरलं. डॉमिनिकने १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ संस्था सुरू केली आणि काही आठवड्यांतच तो गेला. त्याच्या आयुष्यावरून प्रेरित ‘माय ब्रदर निखिल’ २००५ साली आला. ओनीरने त्यात घरच्यांना आणि मित्रांना कॅमेऱ्यासमोर बसवून साक्षीसारखं बोलायला लावलं. बहिणीची साक्ष अजून मनात राहते. पण चित्रपटातली शेवटची तारीख १९९४ची आहे. एचआयव्हीवरचे एकत्रित औषधोपचार हाताशी आले १९९६ साली, आणि भारत सरकारने ते मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ रोजी. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हाच त्याची गोष्ट जुनी होऊ लागली होती. गोष्ट काय? कळणं, बाहेर पडणं, तुटणं, मरणं. तीन अंकांचं नाटक. औषध आल्यावर चौथा अंक सुरू झाला. त्यात काहीच घडत नाही, आणि तो वीस वर्षं चालतो. त्याला लेखक मिळाला नाही.

२००८ साली ‘एड्स सूत्र’ नावाचा इंग्रजी लेखसंग्रह आला. संपादक नेगार अखावी, प्रस्तावना अमर्त्य सेन यांची, लेखकांत विक्रम सेठ, किरण देसाई, सलमान रश्दी. बंगालीतले सुनील गंगोपाध्याय त्यात सोनागाचीला जातात, तमिळमधल्या सी. एस. लक्ष्मी आहेत. मराठीत लिहिणारं कोणी नाही. जन्माने मराठी शोभा डे आहेत, पण त्या इंग्रजीच्या. ज्या राज्यात या साथीचा भार सर्वांत जास्त होता त्यांपैकी एक महाराष्ट्र, आणि बेळगाव-सौंदत्तीच्या देवदासींवर त्या पुस्तकात लिहिलं ते विल्यम डॅलरिंपल यांनी! मला यात अपमान वाटत नाही, पण आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे लिहिलं गेलं नाही असंही नाही. दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत पंढरपूरची ‘पालवी’, नगरचं ‘स्नेहालय’, पुण्याचं ‘मानव्य’ यांच्यावर भरपूर आणि मनापासून लिहिलं गेलं. ही कामं मोठी आहेत, त्यांच्याबद्दल बोलत नाही. बोलते आहे त्या लेखांच्या घडणीबद्दल. त्यांत नायक संस्थापक असतो. रुग्ण हा त्याच्या करुणेचा पुरावा. मूल अंगणात खेळत असतं, लेखकाचे डोळे भरून येतात, पत्ता आणि देणगीचा तपशील येतो. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षी रात्री झोप लागते का, हे विचारायला पुन्हा कोणी जात नाही. या घडणीबाहेरचं एक ठळक उदाहरण सांगलीचं. ‘संग्राम’सोबत वाढलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायकांनी सुषमा देशपांडे यांच्यासह ‘माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ’ हे नाटक उभं केलं. नावातच आई, घरवाली, मालक, मालकाची बायको अशी नात्यांची रांग आहे, आजाराला त्यात जागा नाही. साथीमुळे जगाचं लक्ष ज्यांच्याकडे गेलं त्या बायकांनी रंगमंचावर साथ पुढे केली नाही, हा मला त्यातला सर्वांत हुशार निर्णय वाटतो.

आणि ‘लांबण’ लिहायची एक मराठी परंपरा आहे, ती सापडते भलतीकडेच: अनिल अवचटांच्या मुक्तांगणविषयीच्या लेखनात. व्यसन परत उलटतं, माणूस परत येतो, परत उलटतं, आणि लेखक तिथेच बसलेला. सुटलेल्या माणसाची गोष्ट ते सांगतात, पण पुन्हा घसरलेल्याला गोष्टीबाहेर काढत नाहीत. जुनाट आजाराचं गद्य असंच असायला हवं. त्याला पुनरुक्तीची लाज वाटता कामा नये.

मामाच्या चौथ्या अंकात काय काय आहे? आठ-नऊ वर्षं त्याच्या गोळीत एफाविरेन्झ नावाचं औषध होतं. रात्री झोपताना घ्यायचं, कारण घेतल्यावर गरगरतं. त्याने स्वप्नं पडतात, अतिशय स्पष्ट, रंगीत, कधी भयंकर. हे औषधाच्या माहितीत लिहिलेलंच असतं. मामा सकाळी चहाला ती सांगायचा. गोल बाजार पाण्यात बुडालाय आणि भांडी तरंगत आपापल्या किमती ओरडताहेत. माझी आजी दुकानात आली आहे आणि तिला कोणी माल दाखवत नाही. मी तेव्हा नुकती फ्रेंच अतिवास्तववाद्यांची भाषांतरं करत होते आणि हरखून जायचे. वहीत टिपून ठेवायचे. २०१४ साली अमेरिकेतल्या चार चाचण्यांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात या औषधासोबत आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांचा धोका सुमारे दुप्पट आढळला होता. पुढच्या काही अभ्यासांत तो इतका स्पष्ट दिसला नाही, पण ज्याचं मन आधीच खचलं आहे त्याच्याबाबत जपून राहा, हा इशारा उरलाच. मला हे फार नंतर कळलं. मी स्वप्नं टिपत होते, आणि समोरचा माणूस वजन गमावत होता. औषधाने पडलेलं स्वप्न कोणाचं, हा प्रश्न आज मला सौंदर्यशास्त्रातला वाटत नाही.

त्याच काळात तो म्हणायचा, ‘मन नाही लागून राहिलं गं.’ मी काय ऐकलं? कंटाळा. निवृत्त झालाय, वेळ जात नाही. मी त्याला ग्रंथालयाचा कार्ड करून दिला, जुन्या गाण्यांचा एक रेडिओ आणून दिला. शब्दांवर जगणाऱ्या बाईने तिच्या मामाचं एक सरळ वाक्य चुकीचं भाषांतरित केलं, आणि ते चूक आहे हे कळायला तिला एका अमेरिकी प्रश्नावलीचा पहिला प्रश्न समोर यावा लागला.

पुढे सरकारी उपचारक्रम बदलला, एफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्रावीर आलं. स्वप्नं थांबली. वजन वाढलं, मग जरा जास्तच वाढलं. एका तपासणीत रक्तातली साखर वर आलेली निघाली. नव्या औषधाने, वयाने, की सायकल सुटल्याने, कोणी सांगू शकत नाही. ज्या आजाराच्या नावाआड त्याने दहा वर्षं दुसरा आजार लपवला तो आता खरोखरच आला होता. ‘शुगरची गोळी’ हे वाक्य खोटं होतं ते खरं झालं. मामा यावर जितका हसला तितका गेल्या कित्येक वर्षांत कशावर हसलेला मला आठवत नाही. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर मी समासात ‘फार जुळवून आणलंय’ असं लिहिलं असतं.

आता त्याच्या घरी दोन फायली आहेत. एक एआरटी केंद्राची, एक शुगर-बीपीची. मनाची फाइल नाही. एका डॉक्टरने झोपेची तक्रार पहिल्या फायलीतल्या औषधांवर टाकली, दुसऱ्याने वयावर. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. पीएचक्यूचे नऊ प्रश्न घ्या: थकवा, भूक, झोप, हालचाली मंदावणं. यातली निम्मी लक्षणं एचआयव्हीचीही आहेत, औषधांचीही, मधुमेहाचीही. बेरीज २७ पैकी १४ आली तर ती कोणाची? आणि मानसोपचाराच्या नावाने आमच्या समाजात गावंच येतात. पुण्या-मुंबईकडे येरवडा आणि ठाणे, नागपुरात तर चौकाचंच नाव पागलखाना चौक, हिंदीत आग्रा आणि राँची. छत्तीसगडचं सरकारी मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे. रायपुरातच मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे बाह्यरुग्ण म्हणून चहा पिऊन परत येता येतं, पण मामाच्या कानात शब्द ‘सेंदरी’च वाजतो.

संसदेने केलेले दोन कायदे याच दोन फायलींसारखे आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ७ एप्रिल २०१७ रोजी, एचआयव्ही-एड्स कायद्याला २० एप्रिल २०१७ रोजी. तेरा दिवसांचं अंतर. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर तेच शब्द येतात: संमती, गोपनीयता, भेदभाव नको. पहिला तर स्पष्ट म्हणतो की मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. दोघांचाही नायक एकच असू शकतो, हे मात्र वाचकालाच सुचावं लागतं.

हे दार दुसऱ्या एका भाषेत उघडलेलं मला दिसलं. मुंबईत शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिम्बाब्वेत होते. नैराश्याला शोना भाषेत शब्द शोधताना ‘कुफुंगिसिसा’ पुढे आला. अर्थ, फार विचार करणं. लोकांच्या तोंडच्या अशाच शब्दांतून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शोना प्रश्नावली बांधली. भाषांतर न करता ती तिथेच लिहिली गेली. पुढे ते गोव्यात आले, ‘संगाथ’ उभी राहिली, आणि तिथे डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन त्यांच्याकडूनच उपचार घडवण्यावर काम झालं. हरारेत डिक्सन चिबांडांनी दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकं टाकली आणि त्यावर वस्तीतल्या आज्या बसवल्या. २०१६ साली त्या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भाग घेतलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं एचआयव्हीसह जगणारी होती. बाकावरच्या आजीला दोन फायली नव्हत्या. तिच्यासमोर फार विचार करणारं एक माणूस होतं. गोल बाजारात बाकं नाहीत, पण भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर तीस-चाळीस वर्षं माणसं येऊन बसली आहेत, आणि ‘काय टेन्शन आहे?’ हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो. मराठीची कुफुंगिसिसा कदाचित ‘टेन्शन’ हीच आहे. प्रश्नावल्यांत ती मला आढळली नाही. अशुद्ध म्हणून असेल.

शुद्धतेवरूनच आठवलं. नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरून गेलेलं बरं असं वाटतं का यावर, तपासणाऱ्या बाईंचा आणि माझा वाद झाला. आमच्या घरातली प्रत्येक म्हातारी दिवसातून दोनदा ‘देवाने आता न्यावं’ म्हणते आणि नंतर पोळीवर तूप मागून घेते. ते वाक्य तीन गुणांचं आहे का? उलट ज्या रात्री मामाने मला काहीच सांगितलं नाही त्या रात्रीचे किती? बाई पुण्याच्या होत्या, कामात काटेकोर, आणि त्यांचं बरंचसं म्हणणं रास्त होतं. फक्त एक दुरुस्ती मला पटली नाही. मी पहिल्या प्रश्नाखाली कंसात आमच्याकडचं रूपही दिलं होतं, ‘मन नाही लागून राहिलं’. त्यांनी ते बोलीतलं आणि हिंदीच्या वळणाचं म्हणून काढलं. बोलीतलं आहेच. नागपूरपासून रायपूरपर्यंत आम्ही ‘काय करून राहिला’ असंच विचारतो. पण ‘लागत नाही’ आणि ‘लागून नाही राहिलं’ यांत फरक आहे. दुसऱ्यात ‘राहणे’ आहे. एखादी गोष्ट होत नाही, आणि ते न होणं मुक्कामाला आलं आहे.

अंतिम प्रत जायच्या आधी मी मामाला ती प्रश्नावली वाचून दाखवली, तपासलेल्या शुद्ध मराठीत. ‘गेल्या दोन आठवड्यांत खालीलपैकी कोणत्या गोष्टींचा त्रास किती वेळा झाला?’ तो चष्मा पुसत ऐकत होता.

‘दोनच आठवडे?’ तो म्हणाला. ‘कोणते सांगू?’

मी पेन्सिलने ते रूप पुन्हा समासात लिहिलं आणि प्रत तशीच पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही.